रॅम्पपुरती उंची

"एरवी बसलं की गुडघे छातीला लागतात, अन् आज उतरताना पाय भुईला पोचंना," आशाबाई गाडीच्या दारात अडकून स्वतःशीच कुरकुरल्या. "गाडी हाय का उंट हाय मेला."

त्यांना हात द्यायला वहिदा पुढं झाली होती, म्हणून हे तिला ऐकू गेलं. पलीकडून उतरलेल्या माऊलीलाही गेलं असणार, कारण त्यानं आपल्या बाजूचं दार गरजेपेक्षा जोरात आपटलं आणि आईला विचारलं, की गुडघ्याची गोळी विसरलीस काय. आशाबाईंनी गोळी घेतली होती. पण त्या गप्प राहिल्या. वहिदानं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पंख्याचं तोंड त्यांच्याकडं वळवलं आणि तीही गप्प राहिली. या शेडमध्ये गप्प राहायची सवय सगळ्यांनाच चांगली मुरली होती.

शेड पडेगावात, दौलताबादला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. गयास आणि वहिदा, नवरा-बायको, तिथं व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवत. गाडी लोखंडी रॅम्पवर चढवायची, चारी चाकांना यंत्राचे पंजे लावायचे, मग कुठलं चाक किती कललंय, किती तिरकं धावतंय ते पडद्यावर दिसतं. आकडा चुकीचा असला की लाल, जागेवर आला की हिरवा. रॅम्पखालचं काम गयासचं, पडद्यासमोरचं वहिदाचं. सात वर्षांपूर्वी पहिला ऑपरेटर वाळूजच्या कंपनीत निघून गेला, तेव्हा सातवीपर्यंतच्या उर्दू शाळेच्या भांडवलावर तिनं बटणं दाबून दाबून ते यंत्र शिकून घेतलं. शिकताना यंत्रानं तिला दोनदा रडवलं होतं. लग्नानं त्याहून थोडं जास्त, म्हणून तिनं यंत्राला माफ केलं होतं.

आणि हा सगळा पसारा ज्या प्लॉटवर होता, तो कारभारी तात्यांचा होता. करार अकरा महिन्यांचा. दर वर्षी तात्या इथंच खुर्ची टाकून चहा पीत सही करत, आणि सही होईस्तोवर गयास उगाचच नट-बोल्टचे पाने पुसत बसे.

आज तात्या सही करायला आले नव्हते. घरची पंचायत बसवायला आले होते. सोबत बायको आशाबाई, मुलगा माऊली आणि सून तनुजा. तनुजा वैजापूरला शाळेत विज्ञान शिकवत होती. शिक्षणसेवक म्हणून लागून सव्वा वर्ष झालेलं. शाळा सकाळची, आणि पहिली एसटी पोचेपर्यंत दोन तास होऊन गेलेले असत, म्हणून माऊलीची गाडी रोज सकाळी तीच घेऊन जाई. या सव्वा वर्षात पुढचे टायर दोनदा बदलून झाले होते. आता मंगळवारी लासूरच्या अलीकडं तिसऱ्या जोडीतला डावा टायर चालत्या गाडीत फुटला. गाडी रस्ता सोडून कपाशीत शिरली. तनुजाला खरचटलंसुद्धा नाही. कांद्याच्या टेम्पोवाल्यानं चाक बदलून दिलं आणि ती शाळेत जाऊन दोन तास शिकवून आली. हे ऐकून घरातल्या कुणी "बरी आहेस ना" असं विचारलं की नाही, ते वहिदाला माहीत नव्हतं. "किती स्पीडला होती" हे मात्र तात्यांनी तिच्यादेखत, इथं उभं राहून, दुसऱ्यांदा विचारलं.

मग त्यांनी निकालाची रीत सांगितली. गाडीत खोट निघाली तर गाडी नीट करून घेऊ. नाही निघाली तर खोट चालवणारीत. मग गाडी सोमवारपासून दारात उभी राहील आणि शाळेचं काय ते शाळा बघेल.

"गयासभाई सांगतील ते शेवटचं," तात्या म्हणाले. "त्यांच्याएवढं चाकातलं कुणाला कळतंय इकडं?"

गयासनं मान खाली घातली. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर त्याला तो विनय वाटला असता.

माऊलीनं डिकी उघडून फुटलेला टायर बाहेर ओढला आणि वहिदाच्या पायाशी लोळवला. तिनं ओढणीचा पदर नाकाला लावला. सात वर्षांत रबराच्या वासाची सवय झाली होती, पण हा वास वेगळाच होता, करपलेल्या दुधात केस जळावेत तसा. बाहेरच्या अंगानं टायर नवाकोरा दिसत होता, नक्षी अजून बोटभर खोल, कडेचे रबरी केससुद्धा शाबूत. आतल्या अंगाला मात्र सगळं सोलून निघालं होतं. रबर संपून खालचं कापड, कापडाखालच्या तारा, आणि तारा तुटून बाहेर आलेल्या, कुजक्या हिरड्यातून दात लोंबावेत तशा. त्यांच्यात कपाशीचं एक पान आणि एक मेलेला नाकतोडा अडकलेला. गाडीला असलेल्या पुढच्या उजव्या, अजून न फुटलेल्या टायरच्या आतल्या कडेवर तिनं हात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की करवत. चाक सरळ न धावता सतत फरपटत गेलं की असं होतं.

यातलं काहीच तिला वाचून काढावं लागलं नाही. वळणावर दामटून चालवलं की टायर बाहेरच्या कडेनं जातात. हवा कमी असली की दोन्ही कडांनी, जास्त असली की मधून. आणि दोन्ही टायर सारखेच, फक्त आतून, तारा निघेस्तोवर खाल्लेले असले, तर त्याला एकच कारण असतं आणि ते तिच्यासमोर पांढरे बूट घालून, अंगावर अर्धी बाटली स्प्रे मारून उभं होतं.

माऊलीनं लग्नाच्या आधी गाडीचं सस्पेन्शन बदलून घेतलं होतं. नवे शॉकॲब्सॉर्बर आटे असलेले आणि त्यावर फिरणाऱ्या रिंगा. हूक पाना लावून रिंग खाली फिरवली की गाडी चार बोटं खाली बसते, वर फिरवली की वर उठते. रस्ते खराब आहेत म्हणून बदललं, असं त्यानं तात्यांना सांगितलं. तात्या आपल्या जुन्या जीपमधून हिंडत. मुलाच्या गाडीखाली वाकून बघायचं त्यांना काय कारण. खराब रस्त्यासाठी गाडी वर पाहिजे, माऊलीला ती खाली पाहिजे होती. रविवारी दौलताबादच्या अलीकडं त्याचे दोस्त जमत, सगळ्यांच्या गाड्या अशाच पोट टेकून बसल्यासारख्या. मग रांगेत लावून त्यांचे व्हिडिओ. टायर आणि वरचा पत्रा यात बोट शिरलं नाही पाहिजे, याचा त्यांना काय तो अभिमान. रस्त्यात बसलेली म्हैस बघायला तरी बरी दिसते, असं वहिदा एकदा गयासला म्हणाली होती.

तर ही गाडी पहिल्यांदा इथं आली तेव्हा इतकी खाली होती, की पुढचा बंपर रॅम्पच्या तोंडाला घासला. माऊली खाली उतरला, डिकीतून हूक पाना काढला आणि आडवा पडून पुढच्या दोन्ही रिंगा वर फिरवल्या. गाडी उठली, रॅम्पवर चढली. गयासनं चाकं लावली. वहिदाच्या पडद्यावर सगळं हिरवं झालं, तिनं कागद छापला. गाडी खाली उतरली, शेडमागं गेली, आणि माऊलीनं परत पाना काढून ती होती तेवढी खाली बसवली.

त्या दिवशी गयास तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला होता, की गाडी जेवढ्या उंचीवर पळणार तेवढ्याच उंचीवर लावावी लागते. खाली बसवली की वरून चाक आत झुकतं, पुढून तोंड फाकतं, आणि मग आतली कड रस्त्यावर किसली जाते. आपण जी गाडी लावली, ती रस्त्यावर कधी धावणारच नाही. वहिदा म्हणाली, मग सांग त्याला. खाली असलेली गाडी चढवायला मागं दोन लाकडी फळ्या आहेत, त्या लाव रॅम्पला आणि हाय तशी चढव. गयासनं हात पुसले. तात्यांचा मुलगा आहे, म्हणाला. दोस्तांच्या गाड्या पण आपल्याकडंच पाठवतो. पुढच्या वेळी सांगू.

पुढच्या वेळी माऊली गाडी घरूनच वर करून आला. त्याच्या पुढच्या वेळीही. आणि दर वेळी कागद हिरवा निघाला.

गयासला दोष देऊन वहिदाला मोकळं होता आलं असतं. पण पाच महिन्यांपूर्वी, एका दुपारी, तनुजा एकटीच शाळेतून येता येता इथं थांबली होती. घामानं चेहरा काळवंडलेला, पर्समध्ये तपासायच्या वह्या. तिनं विचारलं होतं, "भाभी, कागद तर सगळा हिरवा आहे. मग स्टेअरिंग हातात थरथरतं कशामुळं?" आणि वहिदानं तिला माठातलं पाणी दिलं, वरून लिंबू पिळून दिलं, आणि सांगितलं की रस्ताच तसा आहे.

रस्ता. किती मऊपणानं सांगितलं होतं तिनं. त्या पोरीनं सरबताचा पेला धुऊन पालथा घातला आणि थँक्यू म्हणून गेली, त्याच चाकांवर, सत्तर किलोमीटर जायला आणि सत्तर यायला, रोज. वहिदाला आता त्या सरबताची किळस आली. फुटक्या टायरपेक्षा जास्त.

"चढवा की," तात्या म्हणाले.

माऊलीनं गाडी रॅम्पवर घेतली. बंपर कुठंच घासला नाही. तो उतरून बडीशेप चघळत वडिलांना समजावू लागला. क्लच अर्धा दाबून ठेवते, म्हणाला. खड्डा दिसला की चुकवायच्या ऐवजी ब्रेक मारते. बायकांचं कसं असतं तात्या, आरशात बघतात, पण गाडीच्या आरशात नाही. आणि स्वतःच हसला. बडीशेपेचा एक दाणा त्याच्या ओठावरून उडून पडद्यावर चिकटला. वहिदानं फडक्यानं तो पुसला. मग फडकंच बादलीत टाकलं.

तनुजा खांबाला टेकून उभी होती. शिकलेली, विज्ञान शिकवणारी बाई; पण घरात तिला इतक्या वेळा सांगून झालं होतं, की आता तिलाही थोडंफार खरं वाटू लागलेलं दिसत होतं. मध्येच एकदा तिनं विचारलं, की ब्रेकनं टायर आतूनच कसा झिजेल. माऊली म्हणाला, हे बघा, शाळा सुरू झाली. आशाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसल्या.

गयास खाली गेला होता. वहिदानं पंजे लावले, स्टेअरिंग डावीकडं, उजवीकडं फिरवून घेतलं, आणि पडद्याकडं बघत राहिली. आकडे थोडे हलले, थांबले. पुढचं डावं हिरवं. पुढचं उजवं हिरवं. मागचे दोन्ही हिरवे.

होणारच होते. माऊलीनं रिंगा नेमक्या त्याच खुणेवर आणून ठेवल्या होत्या, जिच्यावर गयासनं चाकं लावली होती. गाडी कपाशीत शिरली होती तरी फरक पडला नव्हता. यंत्राला काय विचारलं? आत्ता, या घडीला, या उंचीवर चाकं सरळ आहेत का? आहेत. यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं. खाली बसलेली गाडी, जी तनुजा चालवत होती, ती कुणी यंत्राला कधी दाखवलीच नव्हती.

तात्या चष्मा लावून पडद्याजवळ आले. इतक्या जवळ, की त्यांच्या धोतराला लागलेला तंबाखूचा वास तिला आला. हिरवं म्हणजे चांगलं ना, त्यांनी विचारलं. वहिदानं मान हलवली. हलवून झाल्यावर तिला वाटलं, मान आपली नव्हेच.

"मंजे गाडीत खोट नाय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात गयासनं खालून तिला बोलावलं. बॅटरी धर, म्हणाला, दुसरं काही नाही. ती पायऱ्या उतरून रॅम्पखालच्या खड्ड्यात गेली. त्यानं न बोलता दाखवलं: शॉकॲब्सॉर्बरच्या आट्यांवर महिन्यांची धूळ, ग्रीसमध्ये मळून काळी राप झालेली, आणि रिंगेच्या खाली चार बोटं पट्टा मात्र रिंग फिरताना घासून लखलखीत झालेला, जणू कालच दुकानातून आणलेला. रिंग एरवी कुठं असते आणि काल रात्री कुठं आणली, ते धुळीनं लिहून ठेवलं होतं. अडाण्यालाही वाचता आलं असतं. गयासनं बॅटरी तिच्या हातातून घेतली, विझवली. मग ते चकाकणारे आटे ग्रीसच्या बोटानं सारवायला लागला. हळूहळू, काळजीपूर्वक. पंचवीस वर्षं तो असंच सगळं काळजीपूर्वक करत आला होता.

वहिदा त्याच्या बोटांकडं बघत राहिली. याच बोटांनी त्यानं तिच्या बाळंतपणात तिला भरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

"काय करतोयस?" तिनं विचारलं.

"करार दिवाळीनंतर संपतोय," तो पुटपुटला. "वर जाऊन कागद छाप. फक्त कागद. तू काही बोलू नको, मी पण नाही बोलत. आपण खोटं थोडंच सांगतोय."

ती वर आली. तिच्या हाताला ग्रीस लागलं होतं, कुठून लागलं कळलं नाही. साबणानं घासलं, तरी नखात राहिलंच.

वर तोवर निकाल लागलाही होता. माऊली उद्याच्या रविवारी गाडी कुठं न्यायची ते फोनवर कुणाला तरी सांगत होता. तात्या तनुजाला समजावत होते, आवाज न चढवता, आणि तेच जास्त वाईट होतं. घरात कशाला कमी आहे. राजीनामा लिहून द्यायचा, पाहिजे तर माऊली टाइप करून देईल. तनुजानं पर्समधून गाडीची आपल्याकडची दुसरी चावी काढली. चावीला शाळेतल्या पोरांनी लोकरीचा एक वेडावाकडा पोपट करून बांधला होता. तो सोडवताना तिची नखं गाठीत अडकत होती. गाठ सुटेना. सगळे बघत उभे राहिले आणि कुणी मदत केली नाही.

"राहू दे पोपट," माऊली म्हणाला. "मी कापून टाकीन."

कागद छापून निघाला. तात्यांनी वहिदापुढं पेन धरलं. खाली लिहून द्या भाभी, म्हणाले, गाडी ठीक आहे, दोष चालवण्यात, अन् सही करा. मंजे घरात परत परत हाच विषय नको. आशाबाईंनी खुर्चीतून मान वर करून वहिदाकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. सांग, अशी होती की नको सांगू, अशी, ते वहिदाला ठरवता आलं नाही. बहुतेक त्यांनाही आलं नसेल. अंगणात मुलगा गाडीखाली शिरून पाना फिरवतो तेव्हा वाजणारं लोखंड त्यांना घरात ऐकू येत असणारच, आणि रोज सकाळी सून त्याच गाडीत बसून जाताना त्या दारात उभ्या राहत असणारच.

वहिदानं पेन घेतलं. गयास पायऱ्या चढून वर आला होता आणि तिच्या मागं, हाताच्या अंतरावर थांबला होता. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता.

तनुजानं चावी टेबलावर ठेवली. पोपटासकट. मग तिनं थेट वहिदाकडं बघून विचारलं, आवाजात ना राग ना रडू, वर्गात एखादा प्रयोग चुकला की विचारावं तसं: "भाभी, माझं नक्की काय चुकत होतं? मला सांगा तरी. मला खरंच कळलं नाही."

"अगं, त्या काय सांगणार," माऊली म्हणाला.

"वहिदा," गयास मागून म्हणाला, "रहने दे."

वहिदानं कागदाकडं पाहिलं. चारी कोपऱ्यांत हिरवे चौकोन. इतकी स्वच्छ, इतकी नीटनेटकी घाण तिनं आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती तिनं स्वतः छापली होती, खाली दुकानाचं नाव, फोन नंबर, धन्यवाद. तिनं पेन टेबलावर ठेवलं. एका हातानं टेबलाची कड धरली.

"तुझं काही चुकलं नाही," ती तनुजाला म्हणाली. मग तात्यांकडं वळली. "तात्या, टायर तुमच्या सुनेनं नाही खाल्ले. माऊली गाडी खाली बसवून हिच्या हातात देतो आणि फक्त आमच्याकडं आणताना वर करतो. खालची गाडी टायर आतून किसते. मंगळवारी ही पोर मेली असती. आणि आम्हाला दोघांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तीन वेळा हा कागद मी माझ्या हातानं छापून दिला."